शासकीय कागदपत्रं स्क्रीन रीडरला वाचता यावीत म्हणून नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेलापूरच्या एका मोठ्या शासकीय कार्यालयाच्या संकेतस्थळावर परिपत्रकं, निविदा, भरतीच्या जाहिराती, अर्जाचे नमुने आणि पात्र-अपात्र याद्या अशा हजारो पीडीएफ आहेत. बहुतेक स्कॅन केलेल्या. सुलभतेच्या, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतात का याच्या, तपासणीत त्या नापास झाल्या आणि आता संगणक विभागाला विचारणा झाली आहे: हे सगळं नीट करायचं तर सुरुवात कुठून करायची, आणि काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं का?

सुरुवात जुन्या फायलींपासून करू नका, हे पहिलं सांगणं. जुन्या हजार फायली दुरुस्त होईपर्यंत सगळे विभाग मिळून तेवढ्याच नव्या सदोष फायली चढवतात. दोष तयार कुठे होतो ते आधी बघा.

कागदाचा नेहमीचा प्रवास असा असतो: लिपिक वर्डमध्ये मसुदा टंकतो, प्रिंट निघते, सही होते, शिक्का आणि जावक क्रमांक पडतो, मग तोच कागद स्कॅन होऊन संकेतस्थळावर जातो. शोधता येणारी, मोठी करून वाचता येणारी, आवाजात ऐकता येणारी फाइल लिपिकाच्या संगणकात राहते आणि नागरिकाच्या वाट्याला तिचा फोटो येतो. त्या फोटोत स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, एकही अक्षर सापडत नाही. घणसोलीतल्या एखाद्या अंध उमेदवाराला भरतीची शेवटची तारीख दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागते, ती यामुळे.

म्हणून पहिला निर्णय कार्यपद्धतीचा आहे आणि तो आयुक्त किंवा कार्यालयप्रमुखांच्या सहीनेच व्हायला हवा. यापुढे स्कॅन प्रत प्रसिद्ध करायची नाही. जिथे डिजिटल स्वाक्षरी आहे तिथे वर्डमधून थेट पीडीएफ करून तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी करावी. जिथे शाईची सहीच होते तिथे सही केलेली प्रत नस्तीत ठेवावी आणि संकेतस्थळावर वर्डमधून केलेली पीडीएफ चढवावी. सहीच्या जागी ‘सही/-’, खाली नाव, पदनाम, आणि ‘मूळ प्रतीवर सक्षम अधिकाऱ्यांची स्वाक्षरी आहे’ ही ओळ. विधी विभागाने स्कॅन प्रतीचा आग्रह धरला तर दोन्ही ठेवा, पण टंकलेली प्रत वर आणि स्कॅन खाली, दोन्ही दुव्यांवर तसं स्पष्ट लिहून.

डिजिटल स्वाक्षरीत क्रम चुकला की सगळं वाया जातं. स्वाक्षरी झाल्यावर फाइलमध्ये टॅग (शीर्षक, परिच्छेद, तक्ता कुठला हे सांगणाऱ्या अदृश्य खुणा) जोडले, शीर्षक बदललं किंवा भाषा नोंदवली, तर स्वाक्षरी अवैध दिसू लागते. मग कुणीतरी घाबरून जुनीच फाइल परत चढवतो. आधी रचना, मग तपासणी, शेवटी स्वाक्षरी. त्यानंतर फाइलला हात लावायचा नाही. तिच्यात सहपत्रं जोडायची असतील तर तीसुद्धा स्वाक्षरीपूर्वीच जोडावी लागतात.

कायद्याची बाजू आता ऐच्छिक राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती सुलभ रूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. २०१७ च्या नियमांत नियम १५ खाली संकेतस्थळावरचे दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकाचं स्वरूप) किंवा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं तंत्र) आधारित पीडीएफ स्वरूपात असावेत असं म्हटलं होतं. पुढे आयएस १७८०२ हे सुलभतेचं भारतीय मानकही त्यात आलं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण तो शिफारशीच्या भाषेत होता आणि कायद्याला बंधनकारक किमान मानकं अपेक्षित आहेत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. कामाच्या पातळीवर जीआयजीडब्ल्यू ३.० ही शासकीय संकेतस्थळांसाठीची भारत सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आणि डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय वेब-सुलभता मानकाची डबल-ए पातळी धरून चला.

‘ओसीआर आधारित पीडीएफ’ या शब्दांनी मात्र एक चुकीची समजूत पसरवली आहे. ओसीआर केलं की पीडीएफमध्ये शब्द येतात. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, तक्त्याचा कोणता आकडा कोणत्या स्तंभाचा, हे येत नाही. ते टॅगमधून येतं आणि टॅग मूळ वर्ड फाइलच्या रचनेतून येतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

मराठीची खरी अडचण: अक्षरं

इंग्रजीतली मार्गदर्शकं वाचून काम सुरू केलं की इथेच ठेच लागते. अजूनही पुष्कळ टेबलांवर कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट चालतात, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) आधीचे. त्यांत पडद्यावर ‘महारा...’ दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमध्ये ती ई, जी, के, जे, के अशी आहेत आणि स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो. वर्डमधला सुलभता-तपासक हा दोष पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती वैध इंग्रजी अक्षरं आहेत. फाइल हिरवा शेरा घेऊन पुढे जाते आणि ऐकणाऱ्याला एक शब्द कळत नाही. म्हणून पहिली चाचणी दहा सेकंदांची: एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे देवनागरी दिसलं तर युनिकोड, नाहीतर फाइल परत.

जुना मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये नेता येतो, पण त्यावर नजर टाकल्याशिवाय तो वापरू नका. ‘तिसऱ्या’, ‘अधिकाऱ्यांच्या’ यांतला ऱ्य, रफार आणि पहिली वेलांटी जोडाक्षराशेजारी आली की घोळ होतो. नावं, रकमा, तारखा आणि सर्व्हे नंबर माणसानेच ताडून पाहायचे. सर्व संगणकांवर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाणित कळफलक सुरू करून द्या. ज्यांचा हात जुन्या मांडणीवर बसला आहे त्यांना तीच मांडणी वापरून युनिकोड उमटवणारी साधनं मिळतात. अनुभवी टंकलेखकांना नव्या कळफलकाची सक्ती केली तर काम अडतं आणि ते गुपचूप जुन्याकडे वळतात.

दुसरी अडचण युनिकोड असूनही उरते. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या असतात, आणि कोणती आकृती म्हणजे कोणती अक्षरं याचा एक नकाशा सोबत असतो. मराठी जोडाक्षरांत हा नकाशा अनेकदा अपुरा निघतो. छापील रूप निर्दोष दिसतं, पण मजकूर काढला तर ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ गळालेला किंवा ‘निविदा’ची वेलांटी भलतीकडे गेलेली असते. यासाठी एक ठरलेली कसोटी-ओळ ठेवा: ‘महाराष्ट्रातील दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी तिसऱ्या हप्त्याचे वितरण’. कार्यालयात वापरायचा प्रत्येक फॉन्ट आणि पीडीएफ बनवण्याची प्रत्येक पद्धत या ओळीवर तपासा: पीडीएफ करा, ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. ज्या जोडीतून ओळ जशीच्या तशी परत येते तीच मान्य करा. निर्मला यूआय, मंगल, नोटो सान्स देवनागरी यांच्यापासून सुरुवात करा आणि निवडलेला फॉन्ट साच्याबरोबर सगळ्या विभाग कार्यालयांत, दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, एकच ठेवा. तरीही जोडाक्षरं तुटत असतील तर पीडीएफचा हट्ट सोडून तोच मजकूर वेबपानावर द्या. वेबपानावर हा प्रश्न उद्भवतच नाही. खरं तर दोन पानांचं परिपत्रक पीडीएफमध्ये असण्याचं फारसं कारणच नसतं.

तिसरी गोष्ट भाषेची नोंद. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’मध्ये मराठी निवडलेली असावी. हिंदी कळफलकाने टंकलेल्या मजकुरावर बहुधा हिंदीची नोंद बसते आणि मग हिंदी आवाज मराठी वाचू लागतो. पीडीएफच्या गुणधर्मांतही भाषा मराठी दिसली पाहिजे. ॲक्रोबॅटच्या यादीत ती सापडली नाही तर मराठीचा दोन अक्षरी कोड, एम आर, हाताने टाइप करा. एखाद-दुसऱ्या इंग्रजी शब्दासाठी वेगळी नोंद करत बसू नका. पूर्ण इंग्रजी परिच्छेद असेल तरच करा.

साचा असा बनवा

प्रत्येक लिपिकाला सुलभता शिकवण्यापेक्षा त्याच्या हातात तयार साचे द्या: परिपत्रक, कार्यालयीन आदेश, जाहीर सूचना, निविदा सूचना, शुद्धिपत्रक, अर्जाचा नमुना. एवढ्यांत बहुतेक काम भागतं.

साच्यात शीर्षकांना ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ याच शैली हव्यात. नुसतं ठळक करून अक्षर मोठं केलं तर डोळ्यांना शीर्षक दिसतं, स्क्रीन रीडरला नाही; त्याला ऐंशी पानांच्या निविदेत ‘पात्रतेच्या अटी’कडे एच कळ दाबून उडी मारता येत नाही. शैली ठरवताना वर्डच्या फॉन्ट चौकटीतला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा भाग वेगळा भरावा लागतो. तो राहिला तर आकार आणि ठळकपणा इंग्रजीला लागू होतो, देवनागरीला होत नाही, आणि मग लिपिक ते हाताने करत बसतो. मजकूर १३ ते १४ पॉइंट, ओळींमधलं अंतर १.३ च्या वर, डावीकडे सरळ. शीर्षकाखाली रेघ मारण्याची सवय सोडा: ती उकार आणि ‘ट्र’चा खालचा भाग कापते, आणि दृष्टी कमी असलेल्याला नेमकं तेच अक्षर लागत नाही.

जावक क्रमांक आणि दिनांक पानाच्या हेडरमध्ये टाकू नका. वर्ड पीडीएफ करताना हेडर-फूटरला सजावट समजतो, आणि स्क्रीन रीडर ते गाळतो. म्हणजे आदेश ऐकू येतो, पण तो कधीचा आणि कुठल्या क्रमांकाचा हे कळत नाही. हे दोन्ही मुख्य मजकुरात पहिल्या ओळींत घ्या. ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’ यांची मांडणी स्पेसबार किंवा टेक्स्ट बॉक्सने न करता परिच्छेदाच्या इंडेंटने करा. टेक्स्ट बॉक्स तरंगतो आणि त्यातला मजकूर वाचनात भलत्या जागी येतो किंवा येतच नाही. दोन परिच्छेदांत जागा हवी तर शैलीत ‘स्पेस आफ्टर’ १२ पॉइंट ठेवा. एंटरवर एंटर दाबले तर प्रत्येक रिकामी ओळ बोलून दाखवली जाते. अर्जातल्या ठिपक्यांच्या ओळींचंही तेच. नागरिकाने भरायचा अर्ज शक्य असेल तिथे सरळ वेब फॉर्म करा.

चित्रांचं काम लवकर आटोपतं. बोधचिन्हाला पहिल्या पानावर एकदा वर्णन द्या, पुढच्या पानांवर सजावट म्हणून नोंदवा. क्यूआर कोडशेजारी दुवा लिहा. विकास योजनेचा नकाशा शब्दांत मावत नाही, म्हणून त्याच्यासोबत सेक्टर, भूखंड किंवा सर्व्हे नंबर, आरक्षणाचा प्रकार आणि क्षेत्र असा तक्ता हवा. रंगाच्या जोडीला शब्द हवा: अपात्र नावं नुसती लाल करू नका, ‘अपात्र’ असं लिहा. अक्षर आणि पार्श्वभूमीचा रंगफरक किमान ४.५ : १, मोठ्या अक्षराला ३ : १. तो मोजायला ‘कलर कॉन्ट्रास्ट ॲनालायझर’ फुकट मिळतो.

तक्ते, जिथे सगळ्यात जास्त बिघडतं

शासकीय कागदात तक्ता म्हणजे जोडलेल्या खणांचं जंगल. वर ‘मंजूर पदे’, खाली ‘सरळसेवा’ आणि ‘पदोन्नती’, त्याखाली पुन्हा प्रवर्ग. डोळ्यांना हे कळतं. ऐकणाऱ्याला ‘चौदा’ ऐकू येतं आणि तो आकडा कोणत्या प्रवर्गाचा हे कळायला मार्ग नसतो. उपाय: एक तक्ता, एकच शीर्षक-ओळ. तीन मजली शीर्षक असेल तर प्रत्येक गटाचा वेगळा तक्ता करा, किंवा शीर्षकातच पूर्ण लिहा: ‘सरळसेवा, अनुसूचित जाती’. खण जोडू नका, रिकामे सोडू नका. तिथे ‘निरंक’ लिहा. पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ सुरू करा, कारण वर्ड त्यावरूनच पीडीएफमध्ये शीर्षक-खण ओळखतो. एक ओळ दोन पानांवर तुटू देण्याचा पर्याय बंद करा. पानागणिक तक्ता हाताने तोडून शीर्षक पुन्हा टंकू नका.

सोडतीची यादी, मालमत्ता कराची यादी, अंदाजपत्रक असे लांब तक्ते पीडीएफसोबत एक्सेलमध्येही द्या. एक्सेलमध्ये तक्ता ए१ खणापासून सुरू व्हावा, वर कार्यालयाच्या नावाचे जोडलेले खण नकोत, आणि शीटला ‘शीट १’ऐवजी अर्थपूर्ण नाव हवं. शोधासाठी अंक एकाच लिपीत ठेवा. अर्धी यादी देवनागरी अंकांत आणि अर्धी इंग्रजी अंकांत असेल तर अर्ज क्रमांक शोधूनही सापडत नाही.

पीडीएफ करताना आणि चढवण्याआधी

‘प्रिंट’मधून ‘प्रिंट टू पीडीएफ’ कधीही वापरू नका. तिथे सगळे टॅग जातात. ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडून ‘ऑप्शन्स’ उघडा. ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’वर खूण हवी. ‘बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड’वरची खूण काढा, ती राहिली आणि फॉन्ट जोडता आला नाही तर त्या मजकुराचं चित्र होतं. लिबरऑफिस असेल तर निर्यात करताना ‘टॅग्ड पीडीएफ’ आणि ‘युनिव्हर्सल ॲक्सेसिबिलिटी’ हे पर्याय निवडा. फाइलच्या गुणधर्मांत शीर्षक भरा, नाहीतर ‘नवीन डॉक्युमेंट फायनल २’ हेच नाव बोललं जाईल.

यानंतर घात करणारी दोन कामं: सहपत्रं जोडणं आणि फाइल लहान करणं. फुकटच्या ऑनलाइन साधनांत टॅग उडण्याची दाट शक्यता असते, शिवाय कार्यालयाची फाइल परक्या सर्व्हरवर जाते. आकाराची मर्यादा असल्यामुळे लोक तिकडे वळतात. मूळ वर्डमधली चित्रं ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ने लहान करा आणि संगणक विभागाने संकेतस्थळाची मर्यादा वाढवावी. स्कॅन गेल्यावर फायली आपोआपच लहान होतात.

तपासणी दोन टप्प्यांत. आधी पॅक हे विंडोजवरचं फुकट साधन चालवा. ते पीडीएफ-यूए या पीडीएफ सुलभतेच्या मानकाप्रमाणे दोष दाखवतं. पण त्याच्या हिरव्या खुणेवर थांबू नका. त्या मानकाच्या मॅटरहॉर्न प्रोटोकॉल या तपासणी-यादीत १३६ दोष-अटी आहेत, त्यांपैकी ४७ माणसाने पाहूनच ठरवायच्या आहेत. वर्णनाच्या जागी ‘इमेज १’ लिहिलं तरी यंत्र पास करतं. म्हणून एनव्हीडीए हा विंडोजवरचा फुकट स्क्रीन रीडर लावून ऐका: एच कळेने शीर्षकं क्रमाने येतात का, टी कळेने तक्ता सापडतो का, कंट्रोल-ऑल्ट आणि बाणाने खणाखणांतून जाताना स्तंभाचं नाव बोललं जातं का. त्यातला ईस्पीकचा मराठी आवाज रुक्ष आहे, पण चूक पकडायला पुरतो. मोबाइलवर टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरनेही एकदा ऐका, कारण बरेच नागरिक तिथेच वाचतात.

फाइल चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला सदोष फाइल परत पाठवण्याचा लेखी अधिकार हवा. तो नसेल तर वरिष्ठ विभागाच्या ‘तातडीचे’ शेऱ्यापुढे कुठलीही तपासणी टिकत नाही.

जुना साठा आणि एजन्सी

आता जुन्या फायली. मागच्या १२ महिन्यांत कोणत्या फायली उघडल्या गेल्या याची नोंद संकेतस्थळाच्या आकडेवारीतून काढा. मुदत संपलेल्या निविदा, झालेल्या भरत्या, रद्द परिपत्रकं अभिलेख विभागात हलवा. संकेतस्थळावरून काढणं म्हणजे अभिलेख नष्ट करणं नव्हे. लोकसेवांचे अर्ज, चालू योजना, लागू असलेले नियम आणि दरपत्रकं आधी दुरुस्त करा. उरलेल्यांसाठी मागणीनुसार सुलभ प्रत देण्याची सोय जाहीर करा: ईमेल, दूरध्वनी, आणि मुदत. सात कामाचे दिवस ठीक आहेत, पण अर्जाची शेवटची तारीख जवळ असेल तर दोन.

तीन पानांपर्यंतचा स्कॅन कागद पुन्हा टंकून घ्या. ओसीआर करून दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होतं. मोठ्या कागदाला ३०० डीपीआयवर सरळ स्कॅन करून टेसरॅक्ट या ओसीआर साधनाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा द्या. शिक्क्याखालचा मजकूर, घ-ध, भ-म, ष-प आणि १-९ या जागा हटकून चुकतात. हाताने लिहिलेल्याला हा उपायच लागू नाही.

एजन्सीला जुना साठा द्या, रोजचं काम देऊ नका. पानामागे दर ठरवला की स्वयंचलित टॅग लावलेल्या, तपासकात पास आणि ऐकायला निरर्थक अशा फायली येतात. कार्यादेशात लिहा: प्रत्येक फाइलची दुरुस्त वर्ड प्रतही द्यायची; कसोटी-ओळीसारखी मजकूर-चाचणी पास हवी; तक्त्यांचे शीर्षक-खण तपासलेले हवेत; दर खेपेतल्या दहा टक्के फायली स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती ऐकेल आणि त्यांत दोष निघाला तर पूर्ण खेप परत. ही माणसं मानधन देऊन घ्या. कार्यालयातले अंध कर्मचारी असतीलच, पण त्यांच्या नेहमीच्या कामावर हे फुकटचं ओझं टाकू नका. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र वाशीतच आहे. तिथे विचारणा करता येईल. संकेतस्थळावर अक्षर मोठं करणारं बटण किंवा ‘सुलभता विजेट’ बसवून देतो म्हणणाऱ्याला या कामाचे पैसे देऊ नका, कारण त्या बटणाने पीडीएफच्या आतलं काहीही बदलत नाही.